राखेची पुरचुंडी

एकतीस वर्षं मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत मला तोंडावर कुणी हसलं नाही. पाठीमागे हसत असतील, ते तर मुलांचं कामच असतं. तोंडावर पहिल्यांदा हसल्या त्या भागीबाई, आणि तेही माझ्या दोन माजी विद्यार्थिनींच्या देखत. मला इतका राग आला होता की गिरणाऱ्यापासून गंगापूर रोडपर्यंत मी गाडीत कुणाशी एक शब्द बोलले नाही.

झालं होतं असं. गिरणाऱ्याच्या पुढे धनराज नावाच्या एका तरुणानं तेलाची भट्टी घातली आहे. धनराज मूळचा सटाण्याचा, घरी पिढ्यानपिढ्या कांदा. कांद्याच्या लहरींना कंटाळून त्यानं हा उद्योग मांडला. भट्टी म्हणजे एक लोखंडी टाकी, खाली जाळ, वर वाफ न्यायची नळी. टाकीत निलगिरीचा पाला ठासायचा आणि वाफेबरोबर जे तेल येतं ते धरायचं. पण निलगिरी म्हणजे आपण सर्दीला रुमालावर टाकतो ती नव्हे. लिंबू निलगिरी. तिच्या पानाला स्वच्छ, गोडसर लिंबाचा वास असतो आणि साबणवाले, अगरबत्तीवाले ते तेल मागून नेतात. आम्ही तिघी ते पाहायला गेलो होतो. बांधावर निलगिरीची उंच रांग होती. मी सवयीनं शिकवायला उभी राहिले.

"ही पाहा लिंबू निलगिरी," मी खोडावर हात ठेवून म्हणाले. पुढे लॅटिन नाव सांगितलं, कूळ सांगितलं, ऑस्ट्रेलिया सांगितलं. तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेल्या, काटक अंगाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन उभ्या होत्या.

"मॅडम, वास तं घ्या आधी," त्या म्हणाल्या.

मी पान चुरगाळून नाकाशी नेलं. बामच्या बाटलीचा वास आला. साधी निलगिरी. माझ्या विद्यार्थिनी आभाळाकडे बघू लागल्या.

पंधरा दिवसांनी माझा राग उतरला आणि मी एकटीच पुन्हा तिकडे गेले. खरं सांगायचं तर मला लाज वाटली होती. निलगिरी मी आयुष्यभर शिकवली ती कागदावर चिकटवलेल्या सुक्या फांद्यांवरून. रस्त्यावर दिसली की "ही काय, परदेशी झाड, पाणी पिणारं" म्हणून नाक मुरडून पुढे जायचे. आम्हा झाडप्रेमी मंडळींत तशी रीतच आहे. त्यामुळे उभ्या झाडाशी माझी ओळखच नव्हती. ती भागीबाईंनी करून दिली.

भागीबाई पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या. घरी भात आणि नागली, ते त्यांचे यजमान बुधा बघतात. तरुणपणी त्या दरवर्षी द्राक्षाच्या कामाला खाली येत. मग काही वर्षं एका रोपवाटिकेत माती भरायच्या पिशव्या आणि रोपं यांत गेली. तिथे निलगिरीची रोपं हजारांनी असत आणि पिशव्या नेहमी एकमेकींत मिसळत. शेतकऱ्यांना वाटली ती तशीच मिसळलेली. म्हणून आज त्या सगळ्या भागात बांधाबांधावर दोन लिंबू, एक साधी, पुन्हा एक लिंबू, मग चार साध्या अशी खिचडी उभी आहे. धनराज शेतकऱ्यांकडून बांधाचा पाला ठरवून घेतो आणि त्यातली लिंबू निलगिरी तेवढी निवडायचं काम भागीबाईंचं. पाला तोडणाऱ्या बारा बायकांच्या त्या मुकादम. हंगामात सगळ्याजणी भट्टीमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात.

त्यांची कामाची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वही काढून लिहून घेतली. बायका निघायच्या तासभर आधी भागीबाई एकट्या बांधावर जात. एका हातात आकडी, म्हणजे टोकाला लोखंडी हूक बसवलेला लांब बांबू. कमरेला गेरूची डबी आणि दुसऱ्या बाजूला राखेची पुरचुंडी. आकडीनं फांदी खाली ओढायची, एक पान खुडायचं, चुरगाळून हुंगायचं. लिंबू असेल तर खोडावर गेरूचं बोट ओढायचं. मग पुरचुंडीतली चिमूटभर राख काढून बोटं खसाखसा चोळायची, फुंकायची आणि पुढच्या झाडाकडे जायचं.

"राख कशाला?" मी विचारलं.

"हाताला वास बसतो ना, मॅडम. एका लिंबूला हात लावला का मग पुढच्या धा झाडांना लिंबूच येतं. राखेनं हात कोरा होतो."

प्रयोगशाळेत मी मुलांना दोन प्रयोगांच्या मध्ये काचेची भांडी धुवायला सांगून सांगून घसा कोरडा केला, आणि ही बाई चुलीतल्या राखेनं तेच करत होती. मला त्या तिथल्या तिथे आवडून गेल्या. तेव्हापासून तीन वर्षं मी वेळ मिळेल तशी भट्टीवर जात आले. जाताना पिशवीत काहीबाही खायला न्यायचे आणि बोलण्याच्या नादात त्यातलं निम्मं पिशवीतच विसरायचे. भागीबाई ते न बघता ओळखत. "चिक्कू पिकला बरं का तुमच्या पिशवीत," असं त्या चार हातांवरून सांगत. बायका म्हणत, भागीचं नाक म्हणजे नाक आहे का काय आहे. त्यावर त्या जराशा ताठ बसत. अभिमान होता त्यांना, आणि का नसावा?

धनराजही त्या नाकाचा भारी भक्त. एका वर्षी भागीबाई भाचीच्या लग्नाला गेल्या असताना दुसऱ्या कुणीतरी झाडं निवडली, साधा पाला मिसळला आणि अख्ख्या टाकीच्या तेलाला बामचा वास लागला. घेणाऱ्यानं ते परत धाडलं. तेव्हापासून धनराज येईल त्याला सांगायचा, "मावशींचं नाक आहे तोवर भट्टी आहे." आणि दसऱ्याला, भट्टीची पूजा झाली की, तो एक खेळ करायचा. झेंडूचं तोरण लावलेल्या टाकीपुढे भागीबाईंचे डोळे बांधायचे आणि दहा डहाळ्या एकेक करून हातात द्यायच्या. त्यांनी हुंगून सांगायचं, लिंबू का साधी. सटाण्याचे पाहुणे, आसपासचे शेतकरी, सगळे जमायचे. एकही डहाळी कधी चुकली नव्हती. टाळ्या, पेढे, नवं लुगडं.

मग करोनाची दुसरी लाट आली. त्या वर्षी भट्टी चैत्रापासून बंद होती, मी घरात कोंडलेली. गौरी-गणपती झाल्यावर काम पुन्हा सुरू होणार असं कळलं, तशी मी मोदकांचा डबा घेऊन गेले. भागीबाई जरा वाळल्या होत्या, एरवी ठीक दिसत होत्या. डबा बाजूला ठेवून त्या मला विहिरीमागे घेऊन गेल्या. कनवटीचं एक पान काढून त्यांनी माझ्यापुढे चुरगाळलं.

"मॅडम, वास घ्या आणि खरं सांगा."

"लिंबाचा आहे."

"लय येतो?"

"भरपूर. का हो?"

"मला नाय येत," त्या म्हणाल्या. "चैत्रात ताप आलेला, आठ रोज. ताप गेला, त्याच्यासंगं वास बी गेला. भाकर करपली तं डोळ्यात धूर गेल्यावर कळतं मला."

 "धनराजला सांगितलंत?" मी विचारलं.

"येडी हाय का मी? त्याला सांगितलं का दुसऱ्या दिशी मुकादम बदलंल. आधी ठेकेदार होता तो बाप्या आठवतो आम्हाला. बायांना उन्हात उभं करायचा. आता तीन पाड्याच्या बाया माझ्या नावावर येतात इथं. अन् तो दसरा, मॅडम. दसऱ्याला काय करू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज बारीक झाला होता. दसऱ्याला एक महिना होता.

गुपित ठेवण्याच्या बाबतीत माझी ख्याती काही चांगली नाही. शेजारच्या मुलीचं लग्न ठरल्याचं तिच्या आजीला मीच आधी सांगितलं होतं. पण या वेळी मी तोंड शिवून ठेवलं. माझ्या मावसबहिणीची सून कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, तिला नाव न सांगता विचारलं. ती म्हणाली, नाकाला पुन्हा शिकवायचं. गुलाब, लवंग, लिंबू आणि निलगिरी, चारही रोज दोन वेळा हुंगायचे, एकेकाची आठवण काढत काढत. महिने लागतील. मी ते भागीबाईंना सांगितलं तर त्या हसतच सुटल्या.

"निलगिरी? दिवसभर मी तिच्यातच असते की हो! अन् लिंबू बी. आता फक्त गुलाबाची अन् लवंगांची डबी आणा."

त्या डब्या मी आणल्या. पण महिने लागणार होते, आणि हाताशी होता एकच. म्हणून आम्ही ठरवलं की नाकाशिवाय झाडं ओळखायची. माझ्याकडे पुस्तकं होती आणि त्यांच्याकडे तीस वर्षांची नजर, जिला आजवर कुणी काम सांगितलं नव्हतं, कारण नाकच सगळं करत होतं.

आठवड्यातून तीनदा उजाडता उजाडता मी माझी जुनी गाडी घेऊन पोचायचे. आम्ही दोघी बांधावर. मी भिंगातून बघून वाचायचे, त्या हात लावून तपासायच्या. साध्या निलगिरीची साल लांब लांब पट्ट्यांनी सुटते आणि झाडावरच लोंबत राहते. बुंध्याशी हातभर जुनी खरबरीत साल तशीच चिकटलेली असते. तिचं नाव भागीबाईंनी ठेवलं फाटकी. लिंबू निलगिरीचं खोड वरपासून खालपर्यंत गुळगुळीत, पांढरट, कुठे कुठे गुलाबी झाक, आणि तळवा फिरवला की हाताला पीठ लागतं. ती पावडरवाली.

"अन् हे बघा," एके दिवशी त्यांनी माझं बोट धरून खोडावर टेकवलं. पावडरवालीच्या खोडाला बारीक बारीक खळगे होते, मळलेल्या पिठात बोट दाबल्यासारखे. माझ्या पुस्तकात ते होतं, मी कितीदा वाचलंही होतं, पण बोटाला लागलं ते त्या दिवशी.

मग बोंडं. साधीची बोंडं वाटाण्याहून लहान, तोंडातून दात बाहेर आलेले. लिंबूची त्याहून मोठी, गळ्याशी आवळलेली, चिमुकल्या घागरीसारखी. साधीच्या कळीला लांब टोकदार टोपी असते, ती फुलताना खाली पडते. भागीबाई झाडाखाली बसून त्या टोप्या वेचायच्या आणि माझ्यापुढे मांडायच्या. छाटलेल्या खोडाला फुटवा येतो, त्याची कोवळी पानं लिंबूत खरखरीत लागतात, साधीत गुळगुळीत. हे मात्र फक्त कोवळ्या पानाचं. जून झालं की दोन्हींचं पान हाताला अगदी एकसारखं. "तिथं मग आपली बोंब," भागीबाई म्हणायच्या.

नव्या बांधांवर दिसायला दोन्हींच्या मधली, संकराची झाडं होती. माझी त्यांच्यापुढे दांडी गुल व्हायची. पुस्तकाची पानं उलटून उलटून मी हैराण, आणि भागीबाई चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून उभ्या. "हिचा शेंडा बघा. फाटकीच्या घरातली हाय." जवळ जाऊन आकडीनं बोंड ओढलं तर दात बाहेर. दहा दिवसांनी त्यांना माझी काही गरज उरली नव्हती. मी मात्र जातच राहिले. खरी शाळा कुणाची भरली होती ते मला चांगलं कळत होतं.

सत्तावीस दिवस पाला भट्टीत गेला. रोज पहाटे भागीबाई कमरेला गेरूची डबी लावून बांधावर जायच्या, खुणा करून परत यायच्या, मग सरुबाई आणि बाकीच्या बायका विळे घेऊन निघायच्या. सरुबाई म्हणजे भागीबाईंच्याच पाड्यावरच्या, लहानपणापासूनची मैत्रीण, बोलायला फटकळ. धनराज रोज नळीखाली बाटली धरून हुंगायचा आणि खूश होऊन जायचा. मी आणि भागीबाई एकमेकींकडे चोरून बघायचो. दोन शाळकरी पोरींसारख्या वागत होतो आम्ही.

पण दसरा काही टळत नव्हता. डोळे बांधून नुसती जून पानं हातात दिली तर ना खोड, ना बोंड, ना फुटवा. मी नाना युक्त्या सुचवल्या. आजारी पडा म्हटलं. गावी जा म्हटलं. "सणाला मी पळू?" त्या म्हणाल्या.

दसऱ्याच्या सकाळी भट्टी सारवून स्वच्छ केली होती. टाकीला झेंडूचं तोरण, विळ्यांना आणि आकड्यांना हळदकुंकू. सटाण्याहून धनराजचे आईवडील आले होते, आणि मुंबईचा एक तेल घेणारा माणूस चष्मा पुसत उभा होता. पूजा झाली, प्रसाद झाला. धनराजनं हौसेनं उपरण्याची घडी केली आणि मावशींचे डोळे बांधले.  भागीबाई घोंगडीवर मांडी घालून ताठ बसल्या होत्या. मांडीवरचे हात मात्र त्यांनी घट्ट धरले होते.

डहाळ्या द्यायच्या त्या दरवर्षीप्रमाणे सरुबाई. त्यांनी पहिली डहाळी दिली. भागीबाईंनी चुरगाळली, नाकाशी नेली, थोडं थांबल्या.

"लिंबू."

बरोबर होतं. टाळ्या. दुसरी डहाळी.

"साधी."

बरोबर. तिसरी लिंबू, बरोबर. चौथी साधी, बरोबर. माझा विश्वासच बसेना. म्हणजे वास आला की काय? मी पुढे सरकून बघायला लागले, आणि माझ्या ध्यानात आलं. सरुबाईंच्या उजव्या हातात कोपराखाली डझनभर काचेच्या बांगड्या होत्या, डाव्या हातात दोन. लिंबूची डहाळी त्या उजव्या हातानं देत होत्या, जरा जास्तच झोकात. साधी डाव्या हातानं, निमूट. एवढा किणकिणाट कुणाच्या लक्षात येणार? भागीबाईंच्या आला होता.

पाचवी डहाळी आली, बांगड्या किणकिणल्या. भागीबाईंनी ती हातात घेतली आणि हुंगली नाही. डहाळी मांडीवर ठेवली. मग दोन्ही हात मागे नेऊन त्यांनी उपरण्याची गाठ सोडली.

"सरू," त्या म्हणाल्या, "तुला कवापासून माहीत हाय?"

सरुबाईंनी बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाल्या, "तू राख घ्यायची सोडली तवापासून."

मी डोक्याला हात लावला. तीन वर्षं ज्या पुरचुंडीचं मी कौतुक केलं, वहीत लिहून घेतलं, ती गेला महिनाभर त्यांच्या कमरेला नव्हती. हुंगायचंच नाही तर बोटं कोरी कशाला करायची? भागीबाईंना राखेची आठवणच राहिली नव्हती, आणि मी, त्यांच्या शेजारी इतक्या वेळा उभी राहून, ते बघितलं नव्हतं. सरुबाईंनी पहिल्याच पहाटे बघितलं होतं.

"हाई काय शे?" धनराज गोंधळून एकदम घरच्या बोलीवर गेला. "मावशी, काय झालं?"

भागीबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी सांगितलं. ताप आला, वास गेला, सहा महिने झाले. "तुम्हाला फसवलं, भाऊ. सांगायला पायजे होतं. भ्याले मी." एवढंच. कारणं दिली नाहीत, रडल्या नाहीत. 

धनराजचा चेहरा उतरला. "मग हा महिनाभराचा पाला?" त्यानं मुंबईच्या पाहुण्याकडे बघितलं. "खुणा कुणी केल्या?"

"मीच. खोड बघून, बोंड बघून. ह्या मॅडमनी शिकवलं."

"मी नाही," मी म्हणाले, "उलट आहे ते."

"अन् आम्ही मागून हुंगत होतो," सरुबाई मध्येच म्हणाल्या. "हिनं गेरू लावला का आम्ही तोडायच्या आधी पान चोळून बघायचो. बाराजणी. उगी हिला वाईट नको वाटायला म्हणून बोललो नाय. तीन झाडं चुकली हिची सत्तावीस रोजात. तिथला गेरू पुसून टाकला."

मला वाटलं होतं, हे ऐकून भागीबाईंच्या डोळ्यांना पाणी येईल. माझ्या तर आलंच. महिनाभर बारा बायका त्यांच्या मागून न बोलता चालत होत्या. पण भागीबाईंनी फक्त एकच गोष्ट ऐकली होती.

"तीन?" त्या म्हणाल्या. "कंची तीन?"

"विहिरीकडच्या बांधावरची."

"पीठ लागत होतं त्यांचं हाताला. घागरीवाणी बोंडं होती. ती फाटकी नाय. चल, दाखव!"

आणि त्या निघाल्याच. मागे सरुबाई, मग मी, मग पेढ्याचा पुडा हातात तसाच घेऊन धनराज, त्याचे आईवडील, मुंबईचा माणूस आणि सगळ्या बायका नव्या लुगड्यांत. दसऱ्याची अशी मिरवणूक मी कधी पाहिली नाही.

विहिरीकडच्या बांधावर तिन्ही झाडं एका ओळीत उभी होती. गेरू पुसल्याचे डाग अजून होते. मी खोडावर तळवा फिरवला. पीठ. खळगे. आकडीनं ओढलेली बोंडं आवळलेल्या गळ्याची. बुंध्याजवळच्या फुटव्याचं पान बोटांत धरलं तर खरखरीत. सगळं लिंबूचं. मग पान चुरगाळून हुंगलं आणि काहीच नाही. ना लिंबू, ना बाम. नुसता हिरव्या पाल्याचा वास, गवत चुरगाळल्यासारखा. धनराजनं हुंगलं, मुंबईच्या माणसानं चष्मा काढून हुंगलं. काही नाही.

तेव्हा मला आठवलं. पुस्तकात एका ओळीत होतं की लिंबू निलगिरीत अशीही झाडं निघतात, सगळ्या खुणा तिच्याच, पण लिंबाचा वास जवळजवळ नाही. ती ओळ मी दरवर्षी वगळायचे, कारण परीक्षेला येत नसे. मी ते मोठ्यानं सांगितलं. भागीबाई चुकल्या नव्हत्या. झाडं लिंबूचीच होती. आणि सरुबाईही चुकल्या नव्हत्या, भट्टीला ती झाडं काही कामाची नव्हती.

सरुबाईंनी भागीबाईंना कोपरानं ढोसलं. "बघ, उगी तुझी तीन चुकवली मी."

भागीबाई मधल्या झाडाजवळ गेल्या आणि शेजारणीच्या पाठीवर थापटावं तसं त्यांनी खोडावर थापटलं.

"तुला वास नाय, मला नाक नाय," त्या म्हणाल्या. "बरी भेटलीस."

पहिल्यांदा हसले ते मुंबईचे गृहस्थ. मग सगळेच. धनराज हसत नव्हता. तो खाली मान घालून पेढ्याच्या पुड्याची दोरी गुंडाळत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी व्यवहाराचं बोलणार. त्यानं पुडा सोडला, पहिला पेढा भागीबाईंच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, ठेकेदाराचं मनात आणू नका. सत्तावीस दिवसांत तीन झाडं, आणि तीही चुकलेली नाहीत. माझ्याच्यानं तीनशे चुकली असती. पुढल्या दसऱ्याला डोळे बांधायचे नाहीत. उघड्या डोळ्यांनी दाखवा आम्हाला, खोड कसं बघायचं, बोंड कसं बघायचं ते. मलाही येत नाही." मग म्हणाला, "आणि पुन्हा काही झालं तर मला सांगायचं. मी काय परका आहे का?"

"नाय," भागीबाई म्हणाल्या, आणि आत्ता कुठे त्यांनी पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर भट्टीची रीत बदलली. भागीबाई बघून खूण करतात, बायका उघड उघड हुंगून मग विळा लावतात, आणि मतभेद झाला की बांधावर सभा भरते. मी असले तर मलाही विचारतात, पण शेवटी. विहिरीकडची तीन झाडं धनराजनं पाल्यातून वगळली. जेवायला बायका त्यांच्याच सावलीत बसतात.

गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी हा भागीबाईंचा पाठ रोज चालू होता. कंटाळा यायचा त्यांना. "मॅडम, पाण्याची डबी हुंगल्यावाणी हाय हे," असं म्हणायच्या आणि तरी हुंगायच्या. मार्गशीर्ष गेला. पौषातल्या एका सकाळी मी गेले तर थंडी मी म्हणत होती, सगळ्याजणी चुलीभोवती बसल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवून भागीबाईंच्या शेजारी टेकले. त्या काहीतरी बोलत होत्या, त्या थांबल्या. मान वळवली. भुवया आक्रसल्या.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या पिशवीत काय नासलंय?"

मी पिशवी उलटी केली. तळाशी कागदात गुंडाळलेला पेरू निघाला, मागच्या खेपेचा, काळा पडलेला. घाण वास मारत होता. मी तो हातात धरून बघत राहिले.

भागीबाई उठल्या. आकडी घेतली, गेरूची डबी कमरेला लावली, दोन पावलं गेल्या आणि मागे वळल्या.

"सरू, जराशी राख दे गं चुलीतली."

 सरुबाईंनी चिमट्यानं निखारे बाजूला सारले, कडेची गार राख ओंजळीत घेतली, फुंकून खडे काढले. मग आपल्याच पदराची चिंधी फाडून तिच्यात राख बांधली आणि पुरचुंडी भागीबाईंच्या कमरेला स्वतःच्या हातानं खोचून दिली.